‘हळवा’: स्वभाव की शिक्का?

शंकेखोर : नाना, साने गुरुजींवर बोलायला कुणी उभं राहिलं की पहिल्या दोन वाक्यांत ‘हळवे’ हा शब्द येतोच. अमळनेरला येतो, धुळ्याला येतो, पुण्या-मुंबईत तर हमखास येतो. मला त्या शब्दाची भीती वाटते, कारण तो उच्चारला की ऐकणाऱ्याला माणूस कळल्यासारखं वाटतं आणि तो पुढं विचारायचं थांबतो. गुरुजी हळवे होते म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. हळवे होते म्हणून त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. हळवे होते म्हणून ते पंढरपूरला उपोषणाला बसले. आणि हळवे होते म्हणूनच ११ जून १९५० ला त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. चार निरनिराळ्या गोष्टी आणि चारींना एकच उत्तर! जो शब्द सगळ्याचं कारण सांगतो तो कशाचंच कारण सांगत नाही. माझ्या मते हा शब्द स्वभाव सांगतच नाही, तो माणसावर शिक्का मारतो.

कैवारी : शिक्का मारणाऱ्याची घाई मला दिसते, ताई, पण म्हणून शब्दाला का दोषी धरायचं? भात पिकवणाऱ्या मुलखात हा शब्द रोजच्या वापरातला आहे. तिथं भाताच्या जाती तीन : हळव्या, निमगरव्या आणि गरव्या. गुरुजींचं गाव पालगड त्याच मुलखातलं, कोकणातलं. हळवं भात लवकर निसवतं, लवकर कापणीला येतं. उंचावरच्या खाचरात पाणी टिकत नाही, तिथं जाणता शेतकरी मुद्दाम हळवंच लावतो, कारण गरवं तिथं दाणा भरायच्या आतच वाळून जाईल. त्या शेतकऱ्याच्या तोंडी हळवं म्हणजे दुबळं असा अर्थ कधीच नसतो. माणसाच्या बाबतीतही मी तोच अर्थ धरतो. जे इतरांच्या मनाला उशिरा लागतं ते याच्या मनाला आधी लागतं. गावात अन्याय पिढ्यान्‌पिढ्या चालतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालतो, आणि शंभरातल्या एकालाच रात्री झोप येत नाही. त्या एकाला काय म्हणायचं? मी त्याला हळवा म्हणतो, आणि हे म्हणताना माझा हात सलामासाठी कपाळाशी जातो.

शंकेखोर : भाताचा दाखला दिलात, तर तो पुरता घेऊ. हळव्याचा उतारा गरव्यापेक्षा कमी असतो, हे तोच शेतकरी तुम्हाला सांगेल. पण माझा मुद्दा वेगळा आहे. भाताला लावलेला शब्द फक्त मुदत सांगतो. माणसाला लावला की तो किंमत ठरवतो, आणि ती किंमत माणूस कोण आहे ते बघून ठरते. लवकर हलणारी मनं सगळीकडे आहेत, पण शब्द बघा कसे वाटलेत. साहेब लवकर हलला तर तो ‘तापट’. कवी हलला तर ‘मनस्वी’. शिक्षक हलला तर ‘हळवा’. बाई हलली तर ‘रडकी’. जमाव हलला तर ‘भावनाप्रधान’. आणि एखादी वस्ती हलेल अशी शंका पोलिसांना आली तर ती ‘संवेदनशील’. सणासुदीच्या बंदोबस्ताच्या बातम्या वाचा, कवीच्या गौरवाला जो शब्द चालतो तोच तिथं काठी घेऊन उभा असतो.

धुळ्याचंच उदाहरण घ्या. इतिहासाचार्य राजवाडे किती लवकर भडकत याच्या कथा अजून सांगितल्या जातात. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणाऱ्यांत ते होते, आणि पुढं त्याच मंडळाशी पटेनासं झालं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. शेवटी धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथंच गेले. त्यांच्या नावानं धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांचा संताप हा त्यांच्या मोठेपणाचा भाग मानला गेला. गुरुजींचे अश्रू मात्र समजून घेण्याची बाब झाली. दोघांचीही मनं चटकन पेटणारी. मग एकाला ‘तेजस्वी’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘हळवा’, हा न्याय कुठला?

कैवारी : तो न्याय नाही, हे मी मान्य करतो. राग पुरुषाला शोभतो आणि पाणी शोभत नाही, ही आपली जुनी समजूत त्या वाटणीमागं आहे. पण दोघांची मनं सारखीच हलली, हे मला पटत नाही. राजवाडे बहुतेक वेळा कशानं भडकत? कुणी पुरावा नीट ठेवला नाही, कुणी कामात हयगय केली, कुणी त्यांचं मत डावललं. त्यांचा राग त्यांच्या कामाच्या बाजूनं उभा असे आणि त्या कामाचं ऋण आपल्यावर आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड त्याच तापातून आले. गुरुजींचं मन हलायचं ते समोरच्याच्या वेदनेनं. म्हणून मला दोन शब्द हवेतच. ताप आतून येतो, हळवेपण समोरच्याकडं बघून येतं. हे दोन्ही एकाच पेटीत भरले तर आपण कोणता माणूस कशानं हलतो हे विचारायचंच सोडून देऊ.

शंकेखोर : आता तुम्ही माझ्या वाटेवर आलात. कशानं हलतो, हाच प्रश्न मला हवा आहे. पण ‘हळवा’ हा शब्द तो प्रश्न विचारतो का? तो फक्त एवढंच सांगतो की माणूस लवकर हलतो. सिनेमा बघून रडणारा हळवा, मुलीच्या पाठवणीत रडणारा हळवा, आणि दलितांना विठ्ठलाचं दार बंद आहे म्हणून प्राण पणाला लावणाराही हळवा. तिघांना एका रांगेत बसवलं की तिसऱ्याचं काम पहिल्या दोघांइतकंच निरुपद्रवी होऊन जातं. ‘श्यामची आई’वरचा १९५३ चा आचार्य अत्र्यांचा चित्रपट आठवा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, ते योग्यच होतं. पण तेव्हापासून महाराष्ट्रानं गुरुजींना रुमालात गुंडाळून ठेवलं. पुस्तकातली आई आपल्याला रडताना आठवते. भित्रा श्याम पोहायला जात नाही म्हणून हातात शिंपटी घेऊन त्याला घराबाहेर काढणारी आई कुणाला आठवते? ते पुस्तक जितकं मायेचं आहे तितकंच शिस्तीचं आहे. ‘हळवं पुस्तक’ म्हटलं की अर्धं पुस्तक गळून पडतं.

कैवारी : पुस्तकातलीच दुसरी गोष्ट मी काढतो. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. ती उचलून द्यायला कुणी पुढं होत नाही, कारण शिवाशिव. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि घरी येऊन आंघोळ कर. इथं जरा थांबून बघा. आईचं मन हललं, पण ते तिच्या काळाच्या कुंपणापर्यंतच गेलं. मदत कर, पण मागून आंघोळही कर. मुलाच्या मनात त्यातला पहिला अर्धा भाग राहिला आणि वाढत गेला. १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून तोच मुलगा आधी महाराष्ट्रभर फिरला आणि १ मे ला उपोषणाला बसला. आईनं सांगितलेली ती आंघोळ तोपर्यंत पार गळून गेली होती. मोळीपासून विठ्ठलाच्या दारापर्यंतची ही वाट कोणत्या तत्त्वज्ञानानं चालवली? गुरुजींनी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास केला होता, ग्रंथ वाचले होते. पण त्या वाटेवर त्यांना ढकलणारी गोष्ट त्या म्हातारीच्या डोक्यावरची मोळी होती, असं मला वाटतं. लवकर हलणारं मन नसतं, तर ती गोष्ट लहानपणीच विसरून गेली असती.

शंकेखोर : आणि मी त्याच उपोषणाकडं बोट दाखवून म्हणते की हळवा हा शब्द तिथं अपुरा पडतो. उपोषण सोडा, असं खुद्द गांधीजींनी कळवलं होतं. ज्यांना गुरुजी दैवत मानत त्यांचा शब्द आला, तरी ते हलले नाहीत. मंदिराची दारं उघडण्याचं ठरलं तेव्हाच त्यांनी अन्न घेतलं. सहज हलणारा माणूस सगळ्यात आधी आपल्या दैवताच्या शब्दानं हलला असता. तुम्ही ज्याला हळवा म्हणता तो त्या दहा-अकरा दिवसांत दगडासारखा बसला होता. धुळ्याच्या तुरुंगातलं पण बघा. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार, विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली. ती लिहून घेतली गुरुजींनी. बोलणाऱ्याच्या वेगानं हात चालवायचा, शब्द सुटू द्यायचा नाही, आणि ऐकताना आपलं मन भरून आलं तरी लेखणी थांबवायची नाही. हे काम ज्याला भावनेच्या भरात वाहून जायची खोड आहे त्याच्यानं होईल? ‘गीता प्रवचने’ आज जगभर वाचली जातात ती एका स्थिर हातामुळं.

कैवारी : ताई, इथं तुमचा-माझा खरा फरक उघडा पडतो. हात स्थिर होता, म्हणून माणूस हळवा नव्हता, असं तुम्ही म्हणता. माणूस हळवा होता आणि हात तरीही स्थिर होता, असं मी म्हणतो. हळवेपण आणि खंबीरपण एकमेकांचे वैरी आहेत, हे तुम्ही गृहीत धरलंय. तीच तर लोकांची चूक आहे आणि तुम्हीही तीच करताय. अमळनेरला प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० गुरुजी शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेल्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवायचे. मुलांसाठी रोजचं हस्तलिखित दैनिक काढायचे. रोजचं, ताई! एखाद्या दिवशी पोरक्या मुलाकडं बघून डोळे भरून येणं सोपं आहे. ते डोळे पुसून त्याच मुलाचा सदरा घडी करून ठेवणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवणं, हे टिकलेलं हळवेपण आहे. पूर्व खानदेशात १९३८ साली अतिवृष्टीनं पिकं गेली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून गावोगाव सभा घेतल्या, मोर्चे काढले, अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालवलं. हे सगळं एकाच झऱ्याचं पाणी आहे. झरा कुठला हे सांगायला माझ्याकडं दुसरा शब्द नाही.

शंकेखोर : ठीक. हळवेपण टिकू शकतं, एवढं मी घेते. पण मग टिकणं ही वेगळी कमाई झाली, ती त्या शब्दात नाही. लवकर हलण्याचं काय होतं तेही बघायला हवं. आपल्या आजूबाजूला ‘भावना दुखावल्या’ हे वाक्य किती वेळा ऐकू येतं? एका मजकुरानं दुखावतात, एका चित्रानं दुखावतात, एका मिरवणुकीच्या रस्त्यानं दुखावतात. तासाभरात दुकानांची शटरं खाली येतात. ती माणसंही लवकर हललेलीच असतात, आणि त्यांच्यात काहीजण मनापासून हललेले असतात, ढोंगी नसतात. तुमच्या व्याख्येनं तेही हळवेच. मग तुम्ही त्यांच्यापुढं हात कपाळाशी नेणार का?

कैवारी : नाही नेणार, आणि का नाही ते सांगतो. ते स्वतःसाठी हळवे असतात. आपली अस्मिता, आपला मान, आपली जात यांना ओरखडा उठला की त्यांचं मन पेटतं. शेजारच्या वस्तीतलं पोर उपाशी झोपलं तर तेच मन थंड असतं. गुरुजींचं नेमकं उलटं होतं. स्वतःच्या अपमानाबाबत ते सहन करणारे आणि दुसऱ्याच्या अपमानाबाबत असह्य होणारे. बहिणाबाईंनी मनाला वढाय ढोर म्हटलं, कितीही हाकला, फिरून उभ्या पिकात येणारं. असोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या त्या शेतकरी बाईनं मनाची निंदा केली नाही. ढोराला भूक आहे हे तिला ठाऊक होतं. प्रश्न एवढाच उरतो, ते ढोर फिरून फिरून कुणाच्या शेताकडं जातं. आपल्याच शेताकडं जाणारं मन वेगळं आणि परक्याच्या दुःखाकडं जाणारं मन वेगळं.

शंकेखोर : हे तुम्ही छान सांगितलंत, आणि माझी शंका थोडी मऊ झाली. पण एक जागा आहे जिथं मी मऊ होणार नाही. आपल्या खानदेशात कापूस गेला, कर्ज फिटलं नाही, आणि एखाद्या घरातला कर्ता माणूस जीव देऊन बसला, की दारावर बसायला आलेली माणसं काय म्हणतात? ‘फार हळवा होता हो.’ मी हे कानांनी ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण ते वाक्य काय करतं? भावाचा, कर्जाचा, पाण्याचा, सावकाराचा हिशेब बंद करतं आणि सगळं ओझं मेलेल्याच्या स्वभावावर टाकतं. बाईच्या बाबतीतही तेच. सासरचा जाच सांगायला माहेरी आली की ‘आधीपासून जरा हळवीच आहे’ असं म्हणतात, आणि जाच बाजूला पडून तिचं मन चर्चेला येतं. धरणगावचे बालकवी १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना गेले, तर तेही कवीची तंद्री म्हणून सांगितलं जातं, जणू रेल्वे त्यांच्या स्वभावातूनच आली होती. आणि गुरुजींचं जाणं! स्वातंत्र्य मिळालं, पाठोपाठ फाळणीचा रक्तपात झाला, गांधीजींचा खून झाला, त्या खुनानंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचं प्रायश्चित्त उपोषण केलं, ‘साधना’ साप्ताहिक काढलं, आणि तरी समाज जसा होता तसाच राहिला. त्या समाजानं स्वतःला काय विचारलं? काही नाही. ‘हळवे होते’ म्हणून सुटला.

कैवारी : याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. तुम्ही म्हणता तसा हा शब्द मायेच्या आवाजात जबाबदारी झटकतो, हे खरं आहे. पण उलटा धोकाही बघा. सगळं परिस्थितीवर टाकलं तर गुरुजी आपल्या हातातून निसटतात. पंढरपूरचं दार शतकानुशतकं बंद होतं. लाखो वारकरी त्या दारातून गेले, त्यांत कितीतरी भली माणसं होती. १९४७ मध्ये परिस्थिती सगळ्यांना सारखीच होती. बसला एकच माणूस. त्या एकाच्या मनाची घडण वेगळी होती, हे म्हणायला आपण घाबरायचं का? स्वभाव हे कारण नाही असं ठरवलं, तर मग शाळेत आपण मुलांना घडवायचं ते तरी काय? ‘श्यामची आई’ मुलांच्या हाती मी एवढ्यासाठीच देतो की त्यांची मनं दुसऱ्याकडं बघून हलायला शिकावीत. माझ्या मते आज हळव्या माणसांची गर्दी झालेली नाही, टंचाई आहे.

शंकेखोर : द्या, पुस्तक जरूर द्या. पण मग शब्द वापरताना तीन प्रश्न सोबत द्या, एवढी माझी अट आहे. माणूस कशानं हलला? ते हलणं किती दिवस टिकलं आणि त्याचं काम काय झालं? आणि त्या हलण्याची किंमत कोणी भरली? पहिले दोन प्रश्न आपण आज मिळून घडवलेत. राजवाडे आणि गुरुजी त्यांनी वेगळे होतात, दंगलीला निघालेला जमाव आणि उपोषणाला बसलेला माणूस त्यांनी वेगळे होतात. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी तुम्हाला सोडणार नाही. मुलांना हळवं करायचं म्हणता. हळवं मन जगाचं दुःख आत घेतं. ते आत घेतलेलं वाहायला समाजानं काही सोय केली आहे का? वसतिगृहातल्या मुलांचे कपडे गुरुजींनी घडी केले; पन्नासाव्या वर्षी गुरुजी खचले तेव्हा त्यांच्याजवळ कोण बसलं होतं? मुलाला तरल मन द्यायचं आणि त्या मनाला आधार द्यायचा नाही, यात मला मोठेपणा दिसत नाही.

कैवारी : पहिले दोन प्रश्न मी शब्दाच्या पोटातच धरतो, तुम्ही ते बाहेर ठेवता, एवढाच फरक. तिसरा प्रश्न खरा आहे आणि तो शब्दाला नाही, आपल्याला विचारलेला आहे. तरीही मी एवढं म्हणेन : आधाराची सोय होईपर्यंत मनं हलायची थांबवता येत नाहीत. आधाराची सोय करायला कुणाचं तरी मन आधी हलावंच लागतं.

शंकेखोर : आणि मी म्हणते, ज्याचं मन आधी हलतं त्यालाच पुन्हा पुन्हा पुढं करून बाकीचे मागं राहतात, आणि त्याला ‘हळवा’ म्हणतात. मागं राहणाऱ्यांसाठी मराठीत शब्द कमी नाहीत, नाना. ते आपण कुणाच्या पहिल्या दोन वाक्यांत वापरत नाही. ते वापरायला लागलो, तर कदाचित हळवा हा शब्द तुम्हाला हवा त्या अर्थानं मलाही उच्चारता येईल.